आधी बूट उलटा करा

बुटांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम केलं. गिऱ्हाईक तोंडाने काहीही मागो, ते पायात काय घालून आलंय हे मी आधी बघायचे. 'काहीतरी हटके दाखवा' म्हणणाऱ्या बाईंच्या पायातले सपाट काळे बूट तिसऱ्यांदा सोल बदललेले असायचे. मग हटके दाखवायचं, पण डब्यात भरायचा सपाट काळाच!

म्हणून स्वतःची आवड शोधायची तर आरशासमोर उभं राहू नका. घरातले सगळे जोड बाहेर काढा, उलटे करा आणि झिजेप्रमाणे रांगेत लावा. सगळ्यात जास्त झिजलेला जोड म्हणजे तुम्ही. कोऱ्या तळाचे जोड हौसेचे, किंवा दुसऱ्या कुणाचं बघून घेतलेले.

आता टाच बघा. मागची बाजू चुरगळली असेल तर तुम्ही नाडी न सोडता पाय कोंबता. असल्या माणसाने नाडीच्या बुटांच्या नादी लागूच नये, सरळ बिननाडीचे घ्यावेत. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचंच. आतली बाजू आधी झिजत असेल, तर पाऊल आत कलत असावं. त्यात स्वभाव शोधू नका.

लोक मात्र शोधतात. कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांचा 2012 साली एक अभ्यास आला होता. त्यात लोकांना परक्यांच्या बुटांचे नुसते फोटो दाखवले. मालकाचं वय, लिंग, उत्पन्न आणि नात्यात तो किती धास्तावलेला असतो, याचे अंदाज बऱ्यापैकी जमले. पहिल्या तिन्हींचं मला नवल नाही, आम्ही काउंटरवर रोज तेच करायचो. धास्तीचं मात्र मला कधी ओळखता आलं नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. दोन्ही पायांत घालून उभे राहा. एक पाऊल बहुधा किंचित मोठं असतं, माप त्याचं धरा. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा हवी. 'वापरून सैल होईल' हे आम्ही विकणारे म्हणतो, तुम्ही ऐकू नका. चावणारा बूट घालून कुणी रुबाबदार दिसत नाही, लंगडतच चालतो.

ऑफिससाठी नाडीच्या बुटांत ऑक्सफर्ड घ्यावा की डर्बी, हा प्रश्न हमखास यायचा. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो बंदिस्त आणि काटेकोर दिसतो. डर्बीत त्या वरून असतात आणि मोकळ्या उघडतात. पावलाचा वरचा भाग उंच असेल तर स्वभाव कितीही काटेकोर असो, डर्बीच घ्या.

आणि धीट रंगाची हौस असेल तर सुरुवात नाडीपासून करा. मी उलटं केलं होतं. दुकानात असताना लालभडक टोकदार बूट घेतले. दोनदा घातले, तेही घरातल्या घरात. तळावरचा मापाचा स्टिकर अजून तसाच आहे. नंतर गडद निळे घेऊन त्यांना लाल नाडी ओवली. त्यांचं सोल गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा बदलून आणलं.