ग्लुकोनिओजेनेसिसला घाबरू नका: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी

धुळे-जळगावकडून मराठी माध्यमात शिकून एमबीबीएसला आलेल्यांना बायोकेमिस्ट्रीत धडकी भरते ती ग्लुकोनिओजेनेसिसची, म्हणजे साखर नसलेल्या पदार्थांपासून शरीर नवं ग्लुकोज बनवतं त्या प्रक्रियेची. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. माझं ऐका, तो तक्ता घोकत बसू नका. आधी ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुव्हेट बनवणं, पक्कं करा. त्याच्या 10 पायऱ्यांपैकी 7 उलट्याही चालतात, 3 चालत नाहीत. तिथे यकृत आडवाट काढतं, आणि व्हायव्हात हमखास विचारतात ते हेच.

सगळ्यात अवघड पहिली आडवाट. पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात शिरतं, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतं. ते तसंच बाहेर पडू शकत नाही, म्हणून बहुतेकदा मॅलेट होऊन येतं, बाहेर पुन्हा मूळ रूप घेतं, मग फॉस्फोइनॉलपायरुव्हेट बनतं. हे स्वतःच्या हाताने काढून बघा. उरलेल्या दोन सोप्या, एकेका एन्झाइमच्या: फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटेज आणि ग्लुकोज-6-फॉस्फेटेज. दुसरं स्नायूत नसतं, त्यामुळे स्नायूतलं ग्लायकोजन (साठवलेलं ग्लुकोज) रक्तातली साखर थेट वाढवू शकत नाही.

कोरी चक्र मला समजलं ते रावेर-सावद्याकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांकडे बघून. दमलेल्या स्नायूतलं लॅक्टेट रक्तातून यकृतात जातं, तिथे पुन्हा ग्लुकोज होतं. स्नायूला एका ग्लुकोजमागे 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, यकृताला ते परत बांधायला 6 मोजावे लागतात. हा खर्च चरबी जाळून भागतो. पण चरबीतल्या नेहमीच्या फॅटी अ‍ॅसिडपासून ग्लुकोज बनत नाही, बनतं ते ग्लिसरॉलपासून. इथे बरेच जण गोंधळतात.

वॉर्डात एका मधुमेही आजींनी विचारलं होतं, “रातले काहीच खादं नही, मंग साखर कशी वाढनी?” या प्रश्नात अख्खा धडा आहे. उपाशीपोटी मेंदूला साखर हवी म्हणून यकृत ती बनवतं. इन्सुलिनचा लगाम सैल पडला की जास्तच बनवत राहतं. मेटफॉर्मिन मुख्यतः हेच कमी करतं. हे त्यांना मी अहिराणीतच समजावलं.

आणखी एक. उपाशीपोटी दारू प्यायलेला माणूस बेशुद्ध आला तर ‘चढली असेल’ म्हणून सोडू नका. दारू पचवताना यकृतात एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) वाढतं, त्यामुळे पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं, नवं ग्लुकोज बनणं अडतं आणि साखर घसरते. आधी ग्लुकोमीटर लावा.