घावन चिकटतं, धोंडस बसतं: या चुका टाळा

तांदूळ, नारळ, गूळ, आमसुलं. कोकणातल्या बऱ्याचशा घरगुती पदार्थांचं सामान एवढंच. चूक झाकायला मसालाही नसतो, त्यामुळे एखादी गोष्ट बिघडली की लगेच दिसते. माझ्या मते त्यातल्या निम्म्याहून अधिक चुका पाण्याच्या असतात. तांदूळ नवा की जुना, तवसं (मोठी काकडी) कोवळं की जून, बाहेर पाऊस की ऊन, यावर पाणी कमीजास्त लागतं आणि आपण मात्र वाटी धरून बसतो.

घावनापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेला, घ्यायचा. पेजेचा उकडा तांदूळ इथे कामाचा नाही. रात्री भिजवून सकाळी अगदी गंधासारखा बारीक वाटायचा आणि मग धीर करून पाणी घालायचं. डोशाच्या पिठाची सवय असलेली माणसं इथेच हात आखडतात. पीठ दाट राहिलं की घावन जाड, रबरी होतं आणि जाळी पडत नाही. उलट फार पातळ झालं तर उचलताना फाटतं, तेव्हा चमचाभर तांदळाची पिठी मिसळा. पिठी तळाशी बसते म्हणून दर वेळी पळी बुडवण्याआधी ढवळा. हे विसरल्यामुळेच पहिली घावनं कागदासारखी आणि शेवटची भाकरीसारखी होतात.

तवा बिडाचा असेल तर त्याला साबण लावू नका. तापल्यावर नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या चिरलेल्या कांद्याने तेल फिरवा. पाण्याचा थेंब तव्यावर नाचला की पीठ कडेकडून आत ओतत यायचं. मोठी आच हवी, ‘चर्र’ आवाज हवा. पळीने पसरायचं नाही. भोक राहिलं तर त्यावर थेंबभर पीठ टाका. झाकण ठेवा, कडा सुटायची वाट बघा. घाईने कालथा घातला की घावन फाटणारच, आणि दोष उगाच तव्याला जातो. काढलेली घावनं गरम असताना एकावर एक रचू नका, चाळणीवर किंवा कापडावर गार होऊ द्या.

धोंडस हा आपला जुना, तवशाचा केक, आणि तो बिघडतो तेव्हा अगदी मनापासून बिघडतो. गणपतीपासून पुढे तवसं येतात. जुन्या घरांत ती वाशाला टांगून दिवाळीपलीकडे टिकवायचे. तवसं आधी चाखा. कडू निघालं तर बाजूला ठेवा, गुळाने तो कडवटपणा जात नाही. मधला बियांचा गीर काढून किसा, पण किसाला सुटलेलं पाणी ओतून देऊ नका. रवा त्याच पाण्यात शिजतो. वरून वेगळं पाणी घातलंत तर धोंडसाचा शिरा होतो. गूळ विरघळला की मिश्रण पुन्हा सैल होतं, तेव्हा घाबरून रवा वाढवायचा नाही, कारण थोड्या वेळाने तोच रवा पाणी पिऊन दगड होतो.

दुसरी चूक म्हणजे कच्चं मिश्रण थेट ओव्हनमध्ये ढकलणं. तांदळाचा रवा आधी तुपावर खमंग भाजा. किस, गूळ, खोबरं आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळून त्यात तो घाला आणि झाकण ठेवून वाफ काढा. रवा बोटांत मऊ लागला की मगच हळदीची पानं लावलेल्या डब्यात थापा. ओव्हनचं काम वरचा रंग आणि बांधणी एवढंच. १८० अंशांवर साधारण ४० मिनिटं ठेवा. पूर्वी झाकणावर निखारे ठेवायचे, म्हणजे आच वरून आणि खालून दोन्हीकडून यायची; फक्त खालचा रॉड लावला तर वरचा भाग फिका राहतो. सुरी खुपसून कोरडी निघते का, हे धोंडसाच्या बाबतीत बघू नका, ते ओलसरच असतं. कडा सुटल्या आणि वर तांबूस रंग आला की झालं. गरम असताना कापलं तर चुरा होतो; दुसऱ्या दिवशी कापा.

मैद्याचा केक करणाऱ्यांसाठी एकच सूचना: पावसाळ्यात बेकिंग पावडरला दमट हवा लागते आणि ती मरते. चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर टाकून द्या. आणि लाईटचा भरवसा नसेल तर केक गॅसवर जाड पातेल्यातच करा. अर्धवट फुगलेला केक गार झाला की पुन्हा वर येत नाही.

मोदकाची उकड फुटते ती बहुधा मळण कमी पडल्याने. पिठी आणि पाणी सारख्या मापाने घ्या, जुन्या तांदळाची पिठी असेल तर थोडं पाणी वाढवा. हात भाजेल इतकी गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा आणि राहिलेली उकड ओल्या फडक्याखाली झाका.

सोलकढी आणि शिरवाळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) रस, दोघांचाही शत्रू आच. नारळाचं दूध उकळलं की फुटतं, म्हणून रसात गूळ कच्चाच विरघळवा आणि सोलकढी गॅसवर चढवूच नका. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ चाखून घाला, कारण आगळात ते आधीच भरपूर असतं. कोकम सरबताची गोड बाटली चुकून हाती लागली तर ती सोलकढीत ओतू नका. दुपारची उरलेली सोलकढी बाहेर ठेवू नका. मे महिन्यात तर ती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.