आहार सुधारताय? या चुका टाळा

आहाराबद्दल वाचून स्वतःच्या खाण्यात बदल करणाऱ्या माणसांचं मला मनापासून कौतुक आहे. पण माझ्याकडे विचारायला येणारे बहुतेक जण त्याच त्या दगडांवर ठेचकाळलेले असतात, म्हणून ते सगळे एकदा नीट दाखवून देतो.

पहिली चूक, सोमवारपासून सगळं बंद! साखर बंद, तळलेलं बंद, चहा-कॉफी बंद, रात्रीचं जेवणही बंद. आठवड्यात काटा झरझर उतरतो आणि आनंदाने फोन येतो. तो उतार बराचसा पाण्याचा असतो. शरीरात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, आणि हा साठा दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणीही जातं. मग काटा थांबतो आणि माणूस डायटच सोडून देतो. मधल्या काळात डोकं दुखलं, पोट साफ झालं नाही, तर नेमकं कशामुळे, हे कोण सांगणार? मी एका वेळी एकच बदल करतो आणि निदान तीन आठवडे दुसऱ्याला हात लावत नाही. रोजचं वजन वहीत लिहून आठवड्याची सरासरी बघतो. घाईच्या लोकांना हे रटाळ वाटतं, पण झटपट उपायांनी वर्षभर टिकलेला माणूस मला अजून भेटायचाय.

दुसरी चूक माझ्या मते सगळ्यांत धोक्याची: अर्धवट वाचन. माझ्या परिचयातले एक गृहस्थ. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, किडनीचं काम थोडं मंदावलेलं. त्यांनी वाचलं की सोडियम कमी केल्याने रक्तदाब उतरतो आणि पोटॅशियम वाढवल्यानेही उतरतो. दोन्ही खरं आहे. त्यांनी लगेच लो-सोडियम मीठ सुरू केलं. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. त्यांच्या किडनीला ते झेपेना, आणि त्यांची गोळी टेल्मिसार्टनच्या वर्गातली, म्हणजे स्वतःच पोटॅशियम अडवून धरणारी. पायांतली ताकद गेल्यासारखं होऊ लागलं. नेहमीची रक्ततपासणी त्याच सुमारास होती म्हणून निभावलं. आकडा बघून त्यांना तडक दाखल करून घेतलं, कारण पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. किडनीच्या रुग्णांसाठीची सूचना त्याच लेखात खाली होती. तिथपर्यंत त्यांनी वाचलंच नव्हतं.

म्हणून काहीही वाचताना मी आधी शोधतो, की हे कोणावर तपासलंय आणि नेमकं काय देऊन? फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा. त्यातून फळं-भाज्यांतल्या बीटा कॅरोटिन या घटकाच्या गोळीची आशा निर्माण झाली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. भाज्या खायचा कंटाळा म्हणून डबीभर गोळ्या आणणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगतो.

टक्केवारीचंही तसंच. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना तो होतो असा नाही. आयुष्यभरात शंभरातल्या पाच जणांना होणार असेल, तर ते साधारण सहा होतात. मूळ आकडा दिला नसेल, तर ती बातमी मी बाजूला ठेवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. अंदाजाने खाणं मोजू नका. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांवरच्या १९९२ च्या एका अभ्यासात त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं. ते खोटारडे नव्हते, अंदाज असाच चुकतो. आठवडाभर तरी वजनकाटा वापरा.

पाकिटावर ‘प्रति सर्व्हिंग’चा रकाना सोडा, १०० ग्रॅमचा वाचा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचंय.

फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगणारच. हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा.

लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नका.

प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडले असतील तर बी१२ जीवनसत्त्व आजच सुरू करा. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हा पुरावा नव्हे.

आणि तपासणीची घाई. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हिशोब असतो, कारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. पंधरा दिवसांनी तपासून निराश होऊ नका. सुरू करण्याआधी एकदा तपासा, मग तीन महिन्यांनी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, नाहीतर जुन्याच डोसवर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.