जुना व्हिडिओ गेम घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत जुन्या घराचा माळा उपसला की एखादा तरी व्हिडिओ गेम खाली येतोच. पिवळा पडलेला डबा, रबर बँड चिकटून बसलेली वायर, एक रिमोट धड, दुसऱ्याचं बटण अडकलेलं, आणि पिशवीत मारिओ, कॉन्ट्राच्या चार-पाच कॅसेट. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेले असे बरेच डबे आतून शाबूत असतात. घात होतो तो घरी आणल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. दम निघत नाही, हाताला लागेल तो अॅडॅप्टर लावला जातो आणि इतकी वर्षं टिकलेली वस्तू एका बटणात जाते. म्हणून विजेबद्दल आधी आणि जास्त लिहितो आहोत.

पिन बसली म्हणजे अॅडॅप्टर चालतो असं समजणं

पिन बसते, पण आतलं धन-ऋण उलटं असू शकतं. घरात पडलेल्या राउटरच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या अॅडॅप्टरला बहुतेक वेळा मध्ये धन असतं. निन्टेन्डो कंपनीच्या जपानमधल्या मूळ ८-बिट डब्याला, म्हणजे फॅमिकॉमला (१९८३) मध्ये ऋण लागतं, १० व्होल्ट. त्याची नक्कल करून आपल्याकडे विकले गेलेले ८-बिट डबे साधारण ९ व्होल्टवर चालतात, पण मध्ये काय लागतं हे डब्यागणिक बदलतं. नाव बघून ठरवू नका.

उलटं लावलं तर काय होतं? डब्यात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो ९ व्होल्टचे ५ करून पुढे देतो. उलटी वीज आली की तो जातो किंवा शेजारचा गोल कंडेन्सर फुगून फुटतो. हे दोन्ही सुटे भाग स्वस्तात मिळतात आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही बदलून देतो. झटका मुख्य चिपपर्यंत पोचला तर मात्र इलाज नाही.

मोजायला दोन मिनिटं लागतात. अॅडॅप्टर डब्याला न जोडता बोर्डात लावा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनच्या भोकात, काळं टोक बाहेरच्या पत्र्याला. आकडा सरळ आला तर मध्ये धन, आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर मध्ये ऋण. जुना जड, ट्रान्सफॉर्मरचा अॅडॅप्टर असा रिकामा मोजला तर ९ च्या जागी १२-१३ दाखवतो. तो बिघाड नाही, लोड आला की आकडा उतरतो. डीसीवर शून्य आणि एसीवर ९-१० दिसलं तर तो एसी अॅडॅप्टर आहे. अमेरिकेतल्या एनईएसला (फॅमिकॉमची तिकडची आवृत्ती) तसाच लागतो, पण तोच फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळतो. बाजूला ठेवा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा.

डब्यावरची खूण पुसली असेल तर खालचे स्क्रू काढून झाकण उघडा. मीटर पीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. एक टोक ७८०५ च्या मधल्या पायावर, दुसरं पॉवर सॉकेटच्या एकेका पायावर. ज्यावर वाजेल ती ऋण बाजू. कुठेच वाजलं नाही आणि सॉकेटजवळ चार डायोड दिसले तर त्या डब्याला दोन्ही दिशा चालतात.

पहिली वीज कॅसेट न घालता द्या. ७८०५ च्या मधल्या आणि तिसऱ्या पायामध्ये ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळाले, कुठे वास नाही, मिनिटभरात काही चटका बसण्याइतकं तापलं नाही, मग बंद करून कॅसेट घाला. रेग्युलेटरचा पत्रा कोमट होणारच, त्याला घाबरू नका.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या डब्यात वेगळीच फसगत आहे. पहिल्या मॉडेलला मध्ये ऋण लागतं, दुसऱ्याला मध्ये धन, आणि दोघांच्या पिनाही वेगळ्या. पिन बसत नाही म्हणून वायर कापून दुसरी पिन जोडणारे इथेच चुकतात.

बाहेरून आलेल्या मालाचं वेगळं बघा. जपानचा अॅडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा. दोन चपट्या पात्यांची पिन दिसली की सावध व्हा. बाजारात मिळणारी प्रवासाची पिन फक्त आकार बदलते, व्होल्ट तेच २३० राहतात. जपानी प्लेस्टेशन १ आणि जाड प्लेस्टेशन २ मध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, त्यांना व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. डब्याखालच्या स्टिकरवर व्होल्ट छापलेले असतात, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुरात भिजलेला माल न ओळखणं

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत, दुकानांत शिरलं. अशा पाण्यात गेलेलं सामान पुढे धुऊन-पुसून विकायला येतं आणि वरून ते चकाचक दिसतं. नदीकाठच्या गावांतून काहीही घेताना हे तपासाच.

डबा उलटा करा आणि स्क्रूच्या खोल भोकांत टॉर्च मारा. झाकण सगळे पुसतात, ही भोकं कुणी पुसत नाही. तळाशी करड्या रंगाचा, पिठासारखा वाळलेला गाळ आणि स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज असेल तर डबा पाण्यात होता. मग हवेच्या फटी बघा, आतल्या बाजूला गाळाची एक सरळ रेघ राहिलेली असते. स्टिकरच्या कडा फुगलेल्या असतात. कॅसेट हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर वाळलेल्या चिखलाचा खडा असू शकतो.

असा डबा घ्यायचाच असेल तर सुट्या भागांच्या भावात घ्या आणि चुकूनही चालू करू नका. गाळ ओला झाला की त्यातून वीज वाहते, पावसाळी हवाही त्याला पुरते. बोर्ड सुटा करून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रशने धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस पंख्याखाली उभा ठेवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार चिपच्या पायांमध्ये बसतात. सीडी-डीव्हीडीचं यंत्र असलेला डबा पुरातला असेल तर सरळ सोडून द्या, लेन्समागे शिरलेला गाळ निघत नाही.

फुंकर मारणं

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, हे आपल्या पिढीच्या अंगवळणी पडलं आहे. फुंकरीने फायदा झाल्यासारखा वाटतो कारण कॅसेट काढून पुन्हा घातली जाते आणि पिना नव्या जागी टेकतात. तोंडातली वाफ मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि हिरवा गंज धरते.

कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिलमध्ये भिजवा, पिळून घ्या, आणि पट्ट्यांच्या दिशेने उभी फिरवा, आडवी नाही. काडी काळी होईल. काडी पांढरी निघेपर्यंत नवीन घेत राहा, एका कॅसेटला चार-पाच लागतात. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट घेऊ नका, त्यात पाणी असतं. मिरजेत लॅबचं केमिकल विकणाऱ्यांकडे ९९ टक्केवालं विचारा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. पॉलिश पेपर पट्टीवरचा मुलामा काढतो, त्यानंतर ती कॅसेट दर महिन्याला रुसते.

कॅसेट उघडायची वेळ आली तर निन्टेन्डोच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा आणि डब्यांना ४.५ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे त्यांच्या खास स्क्रूंचा पाना लागतो. पेनचं नळकांडं तापवून स्क्रूवर दाबायची युक्ती करू नका, प्लास्टिक भोकात तुटून बसतं.

गेम बॉयसारख्या हातातल्या गेममध्ये सेल फुटलेले असतात. इथे बाहेरच्या व्हिडिओंतला सल्ला जसाच्या तसा उचलला जातो: व्हिनेगर लावा. अल्कलाइन सेलच्या पांढऱ्या खारीला व्हिनेगर बरोबर आहे. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं साधे झिंक-कार्बनचे सेल वापरले गेले आणि त्यांची गळती आम्लधर्मी असते. तिला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा, पुसा, शेवटी आयसोप्रोपिल. सेलवर अल्कलाइन असं छापलं आहे का ते आधी वाचा.

'ओरिजिनल' या शब्दाला भुलणं

आपल्याकडचे ८-बिट डबे आणि कॅसेट जवळपास सगळ्या नकला आहेत, त्यामुळे तिथे ओरिजिनल म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हसून पुढे जा. तिथे बघायची ती अवस्था. कॅसेट ६० पिनांची आहे ना ते मोजा, कारण अमेरिकन एनईएसची ७२ पिनांची कॅसेट या डब्यात बसत नाही. '९९९९९९९ इन १' मध्ये तेच दहा-वीस गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून आकडा फुगवलेला असतो. अशा कॅसेटची चिप काळ्या गोळ्याखाली गाडलेली असते. ती गेली की दुरुस्ती नाही.

सेगाचं उलट आहे. मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आला तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती, म्हणजे तो घेणारी घरं मोजकीच. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जुन्या बाजारात कुणी सेगा म्हणून काही दाखवलं तर स्टिकर, मॉडेल नंबर आणि कॅसेटचं तोंड नीट बघा.

गेम बॉय अॅडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटमध्ये बनावट माल सर्वाधिक. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. अस्सल लेबलवर दोन आकडी ठसा उमटवलेला असतो, शाईने छापलेला नाही, दाबलेला. कॅसेटच्या तोंडातून आत बघा, पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेन्डो हे नाव दिसलं पाहिजे. पोकेमॉन एमराल्डचं कवच पारदर्शक हिरवं असतं. पोकेमॉन फायर रेडच्या आत बॅटरी निघाली तर ती नक्कल आहे, अस्सल फायर रेडला बॅटरी नसतेच.

बॅटरीचा आणखी एक गोंधळ. पोकेमॉनच्या रुबी, सॅफायर, एमराल्डमध्ये 'बॅटरी संपली' असा संदेश आला तरी सेव्ह (जिथपर्यंत खेळलो ती नोंद) शाबूत राहतं, फक्त घड्याळ थांबतं. त्याआधीच्या पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हरमध्ये मात्र सेव्हच बॅटरीवर आहे आणि बॅटरी काढली की ते पुसलं जातं. कुणाच्या लहानपणीचं सेव्ह आत असेल तर आधी कॅसेट रीडरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नवीन सेल पत्र्याचे पाय लावलेला घ्या, गोल्ड-सिल्व्हरला सीआर २०२५, अॅडव्हान्सच्या या कॅसेटना सीआर १६१६. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटतो.

प्लेस्टेशन २ एकाच डिस्कवर तपासणं

या डब्यात सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी वेगळे लेझर असतात. विकणारा चालणारी डिस्क लावून दाखवतो, घरी आल्यावर दुसऱ्या प्रकारची चालत नाही. अस्सल प्लेस्टेशन १ ची डिस्क खालून काळी, प्लेस्टेशन २ ची सीडी निळी, डीव्हीडी चंदेरी. किमान एक सीडी आणि एक डीव्हीडी लावून बघा, पाच मिनिटं गेम पुढे जाऊ द्या.

पातळ मॉडेलच्या ७०००० मालिकेत लेन्सची चपटी वायर वर उचलली जाते आणि फिरत्या डिस्कला घासते. डिस्कवर एकच स्वच्छ गोल ओरखडा दिसला तर तीच खूण. पहिली चाचणी टाकाऊ डिस्कवर घ्या. डिस्क वाचत नाही म्हणून लेझरचा स्क्रू फिरवण्याआधी लेन्स पुसा, रूळ साफ करून पांढरं ग्रीस लावा, निम्मे डबे तेवढ्यावर चालतात. सीडी उजेडासमोर धरून वरच्या बाजूला टाचणीएवढी भोकं दिसतात का तेही बघा. खालचा ओरखडा घासून निघतो, लेबलकडचा थर गेला की माहिती गेली.

टीव्हीचा दोष गेमवर ढकलणं

बंदुकीने बदक मारायचा गेम एलईडी टीव्हीवर चालत नाही म्हणून चांगल्या बंदुका भंगारात गेल्या. ती बंदूक ट्यूबच्या टीव्हीवरची चमक ठरलेल्या क्षणी टिपते. एलईडीवर चित्र उशिरा येतं आणि तसं चमकतही नाही. कोणताही कन्व्हर्टर लावून ते जमणार नाही.

जपानी-अमेरिकन डब्याचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, आपला टीव्ही पाल पद्धतीचा. जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर सरकत राहतं. मूळ फॅमिकॉमला तर एव्हीची (चित्र-आवाजाच्या वायरींची) सोय नाहीच, तो अँटेनाच्या वायरीतून चित्र देतो, त्याचं सिग्नल ९० मेगाहर्ट्झच्या आसपास असतं आणि आपले टीव्ही ते पकडत नाहीत. 'चित्र येत नाही' म्हणून स्वस्तात निघालेला असा डबा अनेकदा ठणठणीत असतो. फक्त ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहतात.

नव्या टीव्हीवर जोडताना एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या आणि टीव्ही गेम मोडवर टाका. तरी मारिओ उशिरा उडी मारतोय असं वाटलं तर रिमोट उघडू नका, उशीर टीव्हीत आहे.

पावसाळ्यात तसंच ठेवणं

मे संपायच्या आत सगळे सेल काढा. कॅसेट झिपच्या पिशवीत, प्रत्येकीत सिलिका जेलची एक पुडी. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे राहत असाल तर दर महिन्याला पुडी बदला, नाहीतर सीडीच्या कागदी कव्हरला बुरशी येते. जमिनीलगतच्या कपाटात काही ठेवू नका. आणि जुलैत पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक डबा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.