काळ्या गाडीवर पॉलिश मारताना पॅड उड्या मारतो, धुरकट डाग राहतात : माझा अनुभव

खानापूर रोडची तांबडी धूळ बसलेली काळी सेडान. धुऊन, क्ले मारून (रंगाला चिकटलेली घाण काढणारी मऊ वडी फिरवून) पॉलिशला घेतली. दोन पॅनेल झकास झाले. बॉनेटवर मात्र पॉलिशिंग मशीनचा फोम पॅड उड्या मारायला लागला, पांढरी पूड उडाली आणि ट्यूबलाइटखाली बारीक गोल ओरखडे दिसले.

कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पॉलिशची पेस्ट) बदललं, स्पीड वाढवला, जोर लावला. पॅड तेवढा तापला. अख्खा रविवार वाया!

दोष पॅडचा होता. बोटाने दाबला तर वाळलेल्या कंपाउंडची कडक पापडी लागली.

मग असं केलं. दर दोन फुटी चौकोनानंतर मशीन कमी स्पीडला ठेवून नायलॉन ब्रश पॅडवर हलका टेकवला, मग एअर गनने हवा मारली. पुढच्या चौकोनाला कंपाउंडचे वाटाण्याएवढे तीनच थेंब. दोन पॅनेल झाले की दुसरा पॅड. बॉनेटला तर नवाच घेतला, आणि डाग गेले.

पॅड धुताना कोमट पाण्यात थोडं ऑल पर्पज क्लीनर टाकून १५ मिनिटं भिजवायचे, अंगठ्याने चोळायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचे. पिळायचे नाहीत, तळहातात दाबायचे. वाळवताना फोम खाली, वेल्क्रो (मशीनला चिकटणारी मागची बाजू) वर. नाहीतर पाणी मुरून चिकटवण सुटतं. बेळगावच्या पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस लागतात. कडक ऊन नको.

वेल्क्रो सुटला, कड फाटली किंवा मधला भाग दाबून परत वर येईना, तर पॅड टाकून द्या. मी असले दोन पॅड टायर ड्रेसिंगला (टायरला चमक आणणारं द्रव लावायला) ठेवलेत.