ट्रस पुलाची तपासणी शिकताय? आधी सांधे पाहा

ट्रस म्हणजे पोलादी दांड्यांचा त्रिकोणी सांगाडा; त्यातल्या प्रत्येक दांड्याला मेंबर म्हणतात. पूल-तपासणीत नवा आलेला अभियंता मान वर करून मोठमोठे तिरके मेंबर पाहत राहतो. खरी नजर हवी सांध्यांवर. मेंबरमधलं सगळं बळ गसेट प्लेटमधूनच, म्हणजे सांध्यात मेंबर जोडणाऱ्या पोलादी प्लेटमधूनच पुढे जातं. मिनियापोलिसचा मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला आणि १३ जणांचा जीव गेला. त्याच्या यू-१० या वरच्या सांध्यावरच्या गसेट प्लेट अर्धा इंच जाड होत्या, म्हणजे हव्या होत्या त्याच्या जवळपास निम्म्या. चूक मूळ डिझाइनमधली होती, पण प्लेटना आलेला बाक २००३ च्या फोटोंत दिसतो. म्हणून प्रत्येक गसेटच्या मोकळ्या कडेला सरळपट्टी लावून पाहाच.

पुलावर चढण्याआधी ट्रसचं रेखाचित्र हातात घ्या. खालचे सांधे एल-०, एल-१, वरचे यू-१, यू-२ असे ओळखतात. ट्रस नदीच्या वरच्या अंगाचा (प्रवाह येतो त्या बाजूचा) की खालच्या, हेही लिहा. नाहीतर शंभर फोटो काढूनही कुठला कुठला ते कळत नाही. साध्या टेकूंवरच्या गाळ्यात (दोन टेकूंमधल्या पुलाच्या भागात) वरची कॉर्ड, म्हणजे ट्रसच्या वरच्या कडेचा लांब मेंबर, दाबात असते, खालची ताणात. ताणातल्या मेंबरमध्ये तडे शोधा, दाबातल्यात बाक.

खालच्या कॉर्डच्या सांध्यात माती आणि पक्ष्यांची विष्ठा साचते, ती ओल धरून ठेवते. गसेट नेमकी कॉर्डच्या वरच्या कडेलगत, एका रेषेत झिजते. आधी खरवडून साफ करा, मगच त्या रेषेवर चार-पाच ठिकाणी जाडी मोजा. अल्ट्रासॉनिक गेज (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) रोज माहीत जाडीच्या ठोकळ्यावर तपासून घ्या. साधं गेज रंगावर टेकवलं तर आकडा फुगतो, आणि एकावर एक प्लेटी असतील तर ते फक्त बाहेरच्या प्लेटची जाडी सांगतं. १२ मिमीची प्लेट त्या रेषेवर ९ मिमी भरली तर तिथे चौथा हिस्सा गेला. संपूर्ण प्लेटची सरासरी काढलीत की हीच झीज नाहीशी होते!

दोन प्लेटींमध्ये धरलेला गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा घेतो; प्लेटी फाकतात, रिव्हेटची (प्लेटी जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांची) डोकी उडतात. वरून रंग मारल्याने तो थांबत नाही. रिव्हेट तपासताना डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवा, दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारा. सैल असेल तर बोटाला हालचाल जाणवते.

बेअरिंगची (गाळा ज्यावर टेकतो आणि सरकतो त्या आधाराची) स्थिती नोंदवताना पोलादाचं तापमानही लिहा. १०० मीटरचा गाळा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४८ मिमी लांबतो. तापमानाशिवाय बेअरिंगच्या रोलरच्या मापाला अर्थ नाही.

वरचं ब्रेसिंग, म्हणजे दोन्ही बाजूंचे ट्रस वरून जोडणारे दांडे, दुय्यम समजू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवरच्या पुलाचा एक गाळा २३ मे २०१३ रोजी पडला, तो उंच मालाचा ट्रक वरच्या ब्रेसिंगला धडकल्याने. तिथे ब्रेसिंगच्या कमानीमुळे कडेच्या लेनवरची उंची मधल्यापेक्षा कमी होती. उंची प्रत्येक लेनवर वेगळी मोजा.

अहवालात ‘किरकोळ गंज’ हे शब्द नकोत. असं लिहा: ‘एल-४, वरच्या अंगाचा ट्रस, आतली गसेट, कॉर्डलगत ३०० मिमी लांबीत झीज, मूळ जाडी १२, उरलेली किमान ९ मिमी, फोटो ४१.’