कुटुंबासह सायकलवरून राष्ट्रीय उद्यान पाहताना

राष्ट्रीय उद्यानात सायकल कुठपर्यंत नेता येते, याची नेमकी चौकशी निघण्याआधीच उद्यान प्रशासनाकडे करावी. हिंस्र प्राणी असलेल्या अनेक उद्यानांत वाहनाबाहेर पाऊल ठेवण्यासही मनाई असते, तर काही ठिकाणी रस्ते खुले असले तरी पायवाटा सायकलला बंद असतात. मुले बरोबर असतील तर मोटारींना बंदी असलेला मार्ग निवडावा, कारण त्यामुळे अर्धी काळजी मिटते. अमेरिकेतील अकेडिया उद्यानात घोडागाड्यांसाठी बांधलेले सुमारे ७२ किलोमीटर लांबीचे खडीचे रस्ते असेच मोटारमुक्त आहेत. नेदरलँड्समधील डे होगे वेलुवे उद्यानात पांढऱ्या सायकली विनामूल्य वापरायला मिळतात आणि त्यांत मुलांच्या सायकलीही असतात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात भाड्याच्या सायकलवरून सपाट रस्त्याने पक्षी पाहत हिंडता येते.

अंतर ठरवताना सर्वांत लहान सायकलस्वाराचा दम प्रमाण मानावा. तो एरवी जेवढे अंतर आनंदाने कापतो, त्याच्या निम्मेच उद्यानात धरावे; कारण खडी, चढ आणि वारा यांपेक्षाही तिथले थांबे अधिक वेळ घेतात, आणि ते घ्यावेतच. माझ्या मते गोल फेरीपेक्षा गेल्या वाटेने परत येणे मुलांसाठी बरे, कारण कोणी दमल्यास कुठूनही मागे वळता येते. शक्य असेल तर चढ आणि समोरचा वारा जातानाच्या वाट्याला येतील, अशी दिशा निवडावी.

एक वर्षाखालील बाळाला सायकलवर नेऊ नये. त्याहून मोठ्या मुलासाठी मागचे आसन किंवा सायकलच्या मागे जोडायची दोन चाकांची छोटी गाडी (ट्रेलर) वापरता येते. मात्र हेल्मेटच्या वजनासह मान ताठ धरता येते का, हे आधी पाहावे. हेल्मेटची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटे असावी. मुलांच्या सायकलींची चाके वेगळ्या मापाची असल्याने प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य बरोबर घ्यावे. खडीवर वेग वळणाच्या आधीच कमी करावा, कारण वळणातच पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. एक मोठा माणूस पुढे, एक मागे आणि मुले मध्ये, हा क्रम उतारावर तर मुळीच मोडू नये.

सर्वांत जास्त काळजी प्राण्यांच्या बाबतीत घ्यावी लागते. सायकल वेगाने पण आवाज न करता येते, त्यामुळे प्राण्याला तिची चाहूल लागत नाही आणि तो दचकतो. म्हणून जिथे पुढचे दिसत नाही अशा वळणांवर वेग कमी करून बोलत राहावे किंवा घंटी वाजवावी. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान ९१ मीटर, तर इतर बहुतेक प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. मुलांना हे आकडे सांगण्यापेक्षा अंगठ्याची खूण शिकवावी: हात सरळ पुढे करून एक डोळा मिटावा आणि प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला जात नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. प्राणी वाटेवर असेल तर सर्वांनी थांबून खाली उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी आणि हळूहळू मागे सरकावे. घाबरून जोरात सायकल पळवल्यास काही प्राणी पाठलाग करतात, हे मुलांना निघण्यापूर्वीच शांतपणे समजावून सांगावे.

पाणवठ्याजवळ परवानगीच्या जागी पंधरा मिनिटे न बोलता बसावे. मुलांना जे दिसते, ते बहुधा अशा थांब्यातच दिसते. जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून परतण्याची वेळ प्रवेशद्वारावर सांगून ठेवावी. बाहेर पडल्यावर टायरला चिकटलेला चिखल तिथेच झाडून टाकावा, कारण त्यातून एका जंगलातील तणांचे बी दुसऱ्या जंगलात पोचते.